कोठी भरली तेव्हाची लगीनसराई

तुरीच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या कारंजा गावात बँडवाल्यांच्या अंगात येतं. तुळशीचं लग्न लागून गेलेलं असतं, सोयाबीन घराबाहेर पडलेलं असतं, कापसाच्या गाड्या मार्केटच्या रस्त्यानं पांढरे बोळे सांडत जात असतात, आणि आमच्या दुकानामागच्या गल्लीत भर दुपारी कुणीतरी ट्रंपेट फुंकून पाहतं. एकच सूर, तोही अर्धा. वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या वाद्याचा घसा बसलेला असतो. काल तो अर्धा सूर ऐकला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. आली बाई लगीनसराई!

आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझ्या नीलेशचा, आणि त्याच्याहून जास्त माझ्या सुनेचा, प्राचीचा. नीलेश लग्नं काढतो, प्राची ती कॉम्प्युटरवर कापते, जोडते, सजवते. आणि मी? मी गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. बोलायला मला कुणी शिकवलं नाही आणि थांबायलाही नाही. कॉम्प्युटर मात्र मी माझी मी शिकले. सातवीपर्यंतची माझी शाळा. पण समोर पेटी रिकामी बसलेली दिसली की हात शिवशिवतात. आधी उंदीर धरायला शिकले. मग फोटो निवडायला. डोळे मिटलेली नवरी बाजूला, तोंडात घास असलेली विहीणबाई बाजूला, मागे उभं राहून नाकात बोट घालणारा मामा बाजूला. असे मामे प्रत्येक लग्नात निघतात. कुठून येतात कोण जाणे.

लगीनसराईचा वास तुम्ही मला डोळे बांधून विचारा. नीलेशच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हळद लागलेली असते, ती धुवून जात नाही. बॅग झटकली की पिवळ्या अक्षता पडतात. त्या मी दारात टाकते. चिमण्या येतात, एखादीला त्यातली जेमतेम रंगलेली पसंत पडते, आणि मी म्हणते, खा बाई, कुणाच्या तरी डोक्यावरचे आशीर्वाद आहेत. त्याच बॅगेत कधी विड्याची सुपारी निघते, कधी बुंदीचा दाणा, एकदा तर नवरदेवाच्या बुटाची फीतसुद्धा निघाली होती.

पण मला सांगायचं आहे ते एकाच सराईचं. फार जुनी नव्हे. आमची कोठी भरली त्या सराईचं.

कोठी म्हणजे काय, ते आधी सांगते. दुकानाच्या मागच्या खोलीत, फळीवर, एक काळा डबा आहे. दिव्यांचे दोन ठिपके लुकलुकतात, आतून बारीक घरघर येते. आमचे तीन कॉम्प्युटर वायरीनं त्याला जोडलेले. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, लग्न ठेवायचं ते त्या डब्यात. प्राचीनं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, मी ते लगेच विसरले आणि कोठी म्हणू लागले. ज्वारीची कोठी तशी ही लग्नांची. आता गिऱ्हाइकंसुद्धा विचारतात, "मावशी, आमचं लग्न कोठीत टाकलं नं?"

त्या वर्षी तिथी दाटल्या होत्या. रोज एक लग्न, कधी दोन. कॅमेऱ्याची कार्डं म्हणजे नखाएवढ्या चिपा, त्या कमी पडू लागल्या. मग आमच्या घरात एक रीत पडली. नीलेश लग्नाहून आला की कार्ड प्राचीच्या कॉम्प्युटरला लावायचं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत भरायची. ती काठाला टेकली की नीलेश ओरडायचा, "भरलं!" कार्ड उपसायचं, आणि पुढच्या मंडपात गेल्यावर पुसून नवं लग्न त्याच्यावर घ्यायचं. पुसायचंही त्याचं ठरलेलं. वरातीचा बँड कानावर आला की बटण दाबायचं. आधी नाही. कशाला म्हणाल, तर तेवढा त्याचा शकुन.

त्या दाटीत भाऊराव आले होते. आमच्याच बाजूच्या खेड्यातले, चार-पाच एकरांचे शेतकरी. त्यांच्या पोरीची, वैष्णवीची, तिथी जवळ आली होती आणि तिची आई, शोभाताई, अकोल्याला दवाखान्यात पडून होती. लग्नाचे पापड वाळत घालायला घराच्या धाब्यावर चढल्या, पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं.

"तारीख पुढं ढकला नं मग," मी म्हटलं.

"तीच नाई म्हणते," भाऊराव टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले. "म्हणे पत्रिका वाटल्या, सोयरे बोलावले, आता माह्या एका हाडासाठी पोरगीचं लगन कायले थांबवता? पण मावशी, तुमी असं काढा का तिले वाटलं पाह्यजे, आपुन तठीच होतो. एक कोपरा सोडू नका. दुसरं कायी नाई पाह्यजे मले."

मी प्राचीकडे पाहिलं, प्राचीनं नीलेशकडे पाहिलं. नीलेश म्हणाला, "काका, एक कॅमेरा मी मंडपात रोवूनच ठेवतो. अंतरपाट धरल्यापासून पोरगी गाडीत बसेपर्यंत, न थांबता."

आणि त्यानं तसं केलं. मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत एकच लांबलचक फाईल. वैष्णवीचं लग्न नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कार्ड प्राचीच्या कॉम्प्युटरला लागलं. नीलेश घाईत होता, धनजला लग्न होतं. पट्टी काठाला टेकली. "भरलं!" कार्ड खिशात, गाडीला किक, गेला.

मी गल्ल्यावर शेंगदाणे सोलत होते. आतून प्राचीचा आवाज आला. मोठा नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आई, जरा इकडं या बरं."

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. प्राचीनं सांगितलं, "जागा उरली नाही म्हणते. कोठी भरली."

"अवं पण पट्टी तं भरली नं?"

"पट्टी भरली. आता शेवटी फाईल बंद करताना सांगून राह्यली."

हळदीची फाईल उघडून पाहिली, चालली. वरातीची चालली. मंडपाची जी होती, तिचं नाव होतं, तारीख होती, सगळं होतं. उघडू गेलं तर उघडेचना. निम्मी कोठीत उतरलेली, निम्मी कुठेच नाही.

तेव्हा प्राचीनं मला जे समजावलं ते मी पुढे कितीतरी जणांना समजावलं आहे. आपला कॉम्प्युटर कोठीत एकेक दाणा नेऊन टाकत बसत नाही. तो दाणे आपल्या ओटीत घेतो आणि आपल्याला म्हणतो, झालं, घेतलं, तुम्ही पुढचं द्या. मग सवडीनं वायरीतून कोठीकडे पाठवत राहतो. कोठीत जागा असली तर कुणाला काही कळतही नाही. पण कोठी भरलेली असली तर ती तिकडे म्हणते, नाही मावत. तो निरोप वायरीतून परत येईपर्यंत इकडे पट्टी भरून मोकळी! मग कॉम्प्युटर ते नाही सांगतो कधी? तर अगदी शेवटी, फाईल बंद करायच्या वेळी. त्या वेळी पडद्याकडे पाहणारं कुणी असलं तर वाचलं. नसलं, किंवा पाहून न वाचताच कुणी बटण दाबलं, तर सगळे समजतात लग्न कोठीत आहे. आणि नंतर कोठी रिकामी करून दिली तरी ती गेलेली फाईल आपोआप भरत नाही. पुन्हा पहिल्यापासून टाकावी लागते, आणि टाकायला मूळ माल हाताशी लागतो.

मूळ माल नीलेशच्या खिशात होता, धनजच्या रस्त्यावर, पुसला जाण्यासाठी.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या घडीला मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आमच्या घरी लग्नकार्य असलं की बाबा दारात उभे. येणाऱ्या प्रत्येकाला "या, या! जागाच जागा आहे." मामेसासरे आले, या. त्यांच्यासोबत न बोलावलेले दोन जण आले, तुम्हीही या. आत माझी आई गाद्या मोजून हैराण. तिनं आतून खुणा करायच्या, आणि तो निरोप ओसरीवर पोचेपर्यंत बाबांनी आणखी एका बैलगाडीला "सोडा बैल" म्हटलेलं असायचं. बाबा काही खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या "या"चा अर्थ एवढाच की मी तुम्हाला घेतलं. टेकायला जागा मिळाली की नाही, ते आईला विचारायचं. आम्ही सगळे वऱ्हाडातले असेच. दारात नाही म्हणणं जिभेवर येत नाही. त्या काळ्या डब्याच्या कारभारात मला आमच्या ओसरीचा स्वभाव दिसला, आणि रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

नीलेशला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. गाडीवर असेल, नाहीतर मंडपात डीजेजवळ.

"मी जातो," मी म्हटलं.

"तुमी? एकट्या?"

"मंग काय वाजत-गाजत जाऊ? तू इथं कोठी पाह्य, कशानं भरली ते. मी त्याले पाह्यतो."

प्राचीनं कपाटातून एक जुनं, लहानसं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "त्याईले म्हणा, धनजचं लग्न ह्याच्यावर घ्या. जुनं आहे, पण चालते." मी ते रुमालात बांधून कमरेला खोचलं आणि स्टँडवर गेले.

एसटी लागलेलीच होती, पण ड्रायव्हर चहाला गेलेला. मी खिडकीशी बसले. शेवटी गाडी निघाली. बाहेर तुरीची शेतं, शेंगांनी वाकलेली, हरभऱ्याचे घाटे धरलेले. एरवी मी त्या रस्त्यानं जाताना किती बोलते. शेजारची बाई दोन गावं पुढे उतरते इतकी रंगते. त्या दिवशी शेजारणीनं विचारलं, "कोनाचं लगन हाये मावशी?" आणि मी कमरेच्या रुमालाची गाठ चाचपत राहिले. मला दिसत होती ती शोभाताई. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं. पण पाठीवर उताणं पडलेली, छताकडे पाहणारी एक बाई, जिच्या मुलीचं लग्न तिच्याशिवाय लागलं, ती मला पूर्ण रस्ताभर दिसली. नीलेशचं बोट त्या बटणावर पडलं की तिच्यासाठी ते लग्न झालंच नाही.

धनजला मंडप शोधायला विचारावं लागलं नाही. स्वयंपाकाच्या धुराकडे चालत गेले. दारात फेटा बांधलेले एक काका.

"या, या मावशी! नवरदेवाकडच्या का? आधी जेवून घ्या."

"मले नीलेश पाह्यजे. फोटोवाला."

"भेटन नं नीलेश. आधी पानावर तं बसा. ए पोट्ट्यांनो, मावशीले पाणी आणा रे!"

"अहो मी पाहुणी नोहो!"

"पाहुणी नाई तं काय झालं? उपाशी जाता का धनजातून?"

पाहा, पुन्हा ओसरी. माझ्या हातात पाण्याचा ग्लास, समोर पत्रावळ, आणि जीव सारा मंडपात. शेवटी मी मोठ्यानं हाक मारली, "नीलेशऽऽ!" भटजींनीसुद्धा मान वळवली.

नीलेश एका खुर्चीवर निवांत बसला होता. कॅमेरा मांडीवर.

"आई? तू अठी काहून आली?"

"पुसलं का रे?"

"काय?"

"कार्ड! पुसलं का?"

"अजून वरातच आली नाई. नवरदेवाचे फेटे बांधणारा माणूस कुठी बेपत्ता झाला म्हणे, सारं वऱ्हाड तठीच अडून बसलं. बँड वाजला का पुसतो."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले. त्या फेटेवाल्याला मी कधी पाहिलं नाही. तो कुठे होता, झोपला होता की दुसऱ्या लग्नात अडकला होता, देव जाणे. मी मनात त्याला टोपी-दुपट्ट्याचा आहेर केला. रुमालाची गाठ सोडून जुनं कार्ड नीलेशला दिलं, वैष्णवीच्या लग्नाचं घेतलं, तीच गाठ पुन्हा बांधली. आणि मग जेवले. पोटभर जेवले. वांग्याची भाजी अशी झाली होती की आजही चव आठवते.

परत आले तर दुकानात वेगळीच वरात. प्राची एका बाजूला, आमचे मालक, म्हणजे नीलेशचे वडील, दुसऱ्या बाजूला, आणि मधे कोठी.

आमच्या मालकांना दोन वर्षांपासून एक नाद. शेतात रोही, म्हणजे नीलगायी, येतात, रानडुकरं येतात, तर त्यांनी बांधावर एक कॅमेरा लावला आहे, उन्हावर चालणारा. त्याचं कार्ड आणून ते कोठीत रिकामं करतात. कुणी विचारलं कशाला ठेवता, तर म्हणतात, "पुरावा आहे." प्राचीनं उलगडून पाहिलं तर कोठीचा भलामोठा भाग रोह्यांनी व्यापलेला. आणि त्या दुपारी तर गंमतच झाली होती. नीलेशनं सकाळी पाहिलं तेव्हा कोठीत जागा होती. आमच्या मालकांनीही गल्ल्याच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, त्यांनाही दिसली. दोघांनी पाहिली ती एकच जागा! आतल्या कॉम्प्युटरवरून वैष्णवीचं लग्न निघालं, बाहेरच्यावरून रोही निघाले. रोही आधी पोचले.

"काढून टाका बाबा," प्राची विनवत होती. "निस्ती तूर हलून राह्यली याच्यात. दुसरं काय आहे?"

"तूर हलून राह्यली म्हंजे कोनी तरी हलवून राह्यलं नं? अन् याच्यात बिबट्या आहे."

"कुठं आहे?"

"थांब, दाखवतो." त्यांनी एक जागा शोधून काढली. अंधारी चौकट, कोपऱ्यात काहीतरी वाकडं. "हे पाह्य. शेपटी."

"बाबा, ते ठिबकचं नळकांडं आहे."

मी रुमाल सोडून कार्ड टेबलावर ठेवलं. मग त्यांना शोभाताईबद्दल सांगितलं. हाड मोडल्याचं, भाऊरावांनी मांडीवर ठेवलेल्या टोपीचं. आमचे मालक कमी बोलतात. माझ्यासोबत संसार केल्यावर माणूस आणखी काय करणार. ऐकून झाल्यावर चष्मा पुसला.

"सारं काढा," ते म्हणाले. "शेपटी तेवढी ठेवा."

रोही गेले, डुकरं गेली, दोन वर्षांची हलणारी तूर गेली. प्राचीनं कार्ड पुन्हा लावलं. या वेळी पट्टी काठाला टेकली तरी आम्ही कुणी ओरडलो नाही. खिडकी मिटेपर्यंत तिघंही पडद्याकडे पाहत उभे. ती गुमान मिटली. तेवढ्यानं प्राचीचं समाधान झालं नाही. गल्ल्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन तिनं तिथून ती फाईल उघडली, थेट शेवटाला नेली. वैष्णवी गाडीत बसत होती. तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला.

तेव्हापासून आमच्याकडे नवी रीत आहे. कार्ड लावलं की मी त्याच्यावर माझ्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लग्न शेवटपर्यंत चाललेलं पाहिल्याशिवाय टिकली निघत नाही, आणि टिकली असलेलं कार्ड पुसायची नीलेशची टाप नाही. "सवाशीण आहे ती," मी त्याला सांगून ठेवलंय. सून हसते. हसू दे.

मला वाटतं, माणसांतही असं पुष्कळ चालतं. आपण एखाद्याला काही बोलतो, तो मान हलवतो, आपण समजतो पोचलं. आत जागा होती की नाही, हे आपण थांबून पाहतच नाही. किती जणांचं किती काय असं वाटेतच राहिलं असेल. पण हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. ते सुचलं शोभाताई दुकानात आल्या त्या दिवशी.

दवाखान्यातून सुटून काही आठवडे झाले होते. भाऊरावांनी ऑटोतून आणलं, वॉकर धरून त्या हळूहळू आत आल्या. मोबाईलवर पाहायचं नव्हतं त्यांना. मोठ्या पडद्यावरच पाहायचं होतं. मी माझी गादीची खुर्ची दिली. प्राचीनं लग्न लावलं.

हळद चालू होती. शोभाताई मुलीपेक्षा बाकीचीच माणसं जास्त पाहत होत्या. मधेच म्हणाल्या, "आमची रेखा पाहा कशी मिरवून राह्यली."

रेखा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. आईच्या जागी तिनंच सगळं केलं होतं.

"चांगलं केलं हो त्याईनं," मी म्हटलं.

"केलं नं. करायलेच पाह्यजे." मग थोड्या वेळानं, पडद्याकडेच पाहत, "मले म्हणली होती, बाई, मंगलाष्टकं फोनवर आयकवतो तुमाले. मी आपली सकायपासून फोन उशाशी घेऊन पडली. एक घंटी वाजली असंन तं शपथ. मायीच पोरगी अन् मले अक्षतांचा आवाज नाई. लग्नाच्या गडबडीत कोनाले आठोन राह्यते म्हणा. मी कायी बोलली नाई तिले. बोलायचं तरी काय?"

भाऊराव खाली पाहत राहिले. ही गोष्ट त्यांनाही नवी होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

पडद्यावर अंतरपाट धरला. भटजींनी सूर लावला. नीलेशनं रोवलेला कॅमेरा हलत नव्हता. सगळा मंडप त्यात मावला होता. वैष्णवी पाटावर, मामा पाठीशी. आणि बाजूला रेखा. उजव्या मुठीत अक्षता. डावा हात वर, पूर्ण ताणून, टाचा उंचावून. त्या हातात एक छोटा बटणांचा फोन, भटजींच्या माईकच्या तोंडाशी धरलेला.

एक मंगलाष्टक झालं. दुसरं झालं. लोक अक्षता टाकत होते, रेखाही टाकत होती, पण डावा हात खाली आला नाही. मधेच तो थरथरू लागला, तर तिनं मूठ सैल करून उजव्या हातानं कोपराला आधार दिला. तिच्या अक्षता सगळ्या खाली सांडल्या. शेवटच्या "सावधान"पर्यंत हात वरच.

"ते काय धरलं तिनं?" शोभाताईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"फोन आहे," प्राची हळूच म्हणाली. "तुमाले लावला असंन, काकू. तुमच्या वॉर्डात रेंज नसंन. अन् इकडं माईकच्या आवाजात त्याईले कळलंच नसंन, का तिकडं कोनाले आयकू जाऊन नाई राह्यलं."

शोभाताईंनी हात वर केला, थांबव म्हणून. प्राचीनं चित्र थांबवलं. टाचा उंचावलेली रेखा पडद्यावर तशीच उभी राहिली.

मग त्यांनी पदराच्या गाठीतून आपला फोन काढला आणि भाऊरावांपुढे धरला. "लावून द्या तिले."

पलीकडून "हलो, बाई? काय झालं वं?" असा घाबरा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"कायी नाई झालं," शोभाताई पडद्यावरच्या त्या हाताकडे पाहत म्हणाल्या. "रेखा... खाली कर वं माय हात आता. दुखला असंन."